लख्ख घासलेले सम्राट

माझे सासरे डॉक्टर. ओटावात जन्मभर लोकांची हृदयं तपासली आणि रिटायर झाल्यावर हळूहळू सगळंच विसरले. सकाळी ओटमीलची वाटी पुढे ठेवली की मलाच विचारायचे, "आपण कोण?" राग यायचा हो! हगणं-मुतणं काढायचं मी, आणि वर आपण कोण!

फक्त दुपारी रोमन नाणी हातात दिली की माणूस जागेवर यायचा. चांदीची बारकी नाणी, हौसेनं जमवलेली, पार काळी पडलेली. डोळे मिटून अंगठा फिरवायचे. "सूनबाई, पुढे सम्राट. मागे देवी, हातात फळांनी भरलेलं शिंग. राज्य बुडायला आलं, चांदीत तांबं मिसळायला लागले, पण देवीचं शिंग कधी रिकामं दाखवलं नाही. लबाड लेकाचे!" आणि खदखदून हसायचे. तेवढा अर्धा तास मी सूनबाई असायची. त्यावर माझा दिवस निघायचा.

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी मी देवांची चांदी घासायला काढली. माहेरची शिस्त, सणाला घरात काळी चांदी ठेवायची नाही. म्हटलं, बाबांची नाणीही लक्ष्मीच की! टूथपेस्ट लावून जुन्या ब्रशनं खसाखसा घासली, वर लिंबू. सम्राटांची नाकं जरा बोथट वाटली, पण नाणी लख्ख. दुधानं धुऊन पूजेत मांडली.

दुपारी बाबांच्या हातात दिली. त्यांनी अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला.

"ही माझी नाहीत."

"अहो बाबा, तुमचीच. घासलीत फक्त."

"माझी कुठे आहेत? चोर आहेस तू!"

संध्याकाळी नवरा म्हणाला, "अगं, तो काळेपणा शेकडो वर्षांचा होता. तो घालवायचा नसतो." आता सांगतोय! बेसमेंटमध्ये जाऊन ढसाढसा रडले. मग अंड्यांच्या वासानं चांदी काळी पडते असं कुठूनतरी कळलं म्हणून उकडलेल्या अंड्यांबरोबर नाणी डब्यात बंद करून ठेवली. रंग काळा झाला. बाबांच्या अंगठ्याला मात्र काहीच ओळखू आलं नाही. सूनबाई हा शब्द पुन्हा ऐकला नाही.

फेब्रुवारीत त्यांना हॉस्पिटलमध्ये हलवलं. शेवटच्या दिवशी नर्सला स्वच्छ इंग्रजीत म्हणाले, "या बाईवर लक्ष ठेवा. हिनं माझी चांदी नेली." नर्स माझ्याकडे बघून समजुतीनं हसली. मी पाण्याचा चमचा त्यांच्या ओठांशी धरला होता. त्यांनी तोंड घट्ट मिटून घेतलं.