साहेबाच्या बंगल्यावरचं दूध

दूध उतू चाललं होतं. बाईसाहेब न्हाणीत. मी अंगणात कपडे वाळू घालून राह्यली होती. नोकरी कोर्टातल्या अटेंडरची, पन डुटी जज्जसाहेबाच्या बंगल्यावर. खिडकीतून दिसलं तशी सैपाकघरात धावली अन् गॅस बंद केला. एवढंच केलं मी.

बाईसाहेब ओल्या केसानं आल्या. मले शेगडीपाशी पाह्यलं. पक्कडीनं पातेलं उचललं अन् सगळं दूध मोरीत ओतलं. साहेब दारातच उभे होते. हिंदीत म्हनले, "जाने दो, उसको मालूम नहीं था."

मालूम नव्हतं? आमच्या बौद्धाच्या लेकराले हे न शिकवता मालूम असते बाप्पा! त्याच हप्त्यात साहेबानं एका गावच्या विहिरीचा निकाल देल्ला होता. विहीर सगळ्याईची म्हनून. पेपरात फोटो आला. आमच्या भीमपूरकडे लोकाईनं पेढे वाटले. मीबी खाल्ला.

अन् त्या सैपाकघरात मी काय म्हनलं? "चुकलं साहेब, माफ करा." जळो माझं तोंड! नवरा मेल्यावर त्याच्या जागी लागली होती, नोकरी जाईन म्हनून भेली. आजबी आठवलं का जीव अर्धा होते. दूध ओतलं त्याईनं, अन् लाज मले!

साहेब चढत गेले. हायकोर्टात गेले. त्याईचे निकाल नवे वकील पाठ करतात. मांगच्या हप्त्यात आदिलाबादले सत्काराले आले. आमचा नाझर, कोर्टातल्या समद्या नोकराईवरचा, मले म्हनला, "ताई, तू बंगल्यावर होती ना? साहेबानं लेकीवानी वागवलं, असे दोन शब्द बोल."

गेली माइकपाशी.

"साहेब, विहिरीचा न्याय तुमी केला, खरं हाय. पन मी गॅस बंद केला तर तुमच्या घरचं दूध मोरीत काऊन गेलं? तुमी दारात उभे होते."

साहेब खाली पाहून राह्यले. बाकीचे माझ्याकडं पाहत होते, जशी मीच नागडी झाली.

आता नाझर रोज म्हनते, "जाऊन माफी माग, नाही तं उटनूरले बदली."

करा बदली. सस्पेंड करा. कोर्टात पुकारा देनारी बाई हाय मी, आवाज हाय मले. कोनी इचारलं तं सांगीन, नाही इचारलं तरी सांगीन. माफी एकडाव मागितली, ती बस्स झाली.