गरम पडलेली गोळी

‘गोळी गरम पडली’ हे वाक्य ऐकलं की अजून माझं डोकं उठतं. अंगावर पुरळ आलं, गरम पडली. चक्कर आली, गरम पडली. ओठ सुजले तरी आमच्याकडे लोक मठ्ठा पितात आणि मोकळे होतात. मूर्तिजापुरात औषधाचं दुकान चालवताना हे इतक्या वेळा ऐकलंय, की फार्मसी शिकण्यापेक्षा ताकाची गाडी लावली असती तर बरं झालं असतं.

दुकानासमोर एक मावशी हार विकायच्या. सुईत दोरा ओवायला मला चष्मा लागायचा, त्यांना नाही. यावरून त्या माझी यथेच्छ टिंगल करायच्या.

एका उन्हाळ्यात त्या पदराने तोंड झाकून आल्या. ‘लघवीले जळजळ होत होती, डॉक्टरनं गोळ्या देल्ल्या. लय गरम पडल्या वं बाई.’ पदर काढला तर ओठांवर फोड, गळ्याखाली लाल चट्टे, डोळे लालभडक. पाकीट पाहिलं. सल्फाची गोळी होती.

मी गोळ्या काढूनच घेतल्या. ‘मावशी, ही सल्फाची गोळी तुमाले चालत नाही. पुन्हा कधीच घेऊ नोका. कोन्याही डॉक्टरले पहिले हे सांगजा.’

‘हो, गरम हाये ते.’

‘गरम नाही, सल्फा!’

‘तेच तं.’

त्यांना सरकारी दवाखान्यात पाठवलं. तेव्हा त्या बऱ्या झाल्या.

औषधाचा असा त्रास दिसला तर दुकानदारालाही तो सरकारच्या औषध-दुष्परिणाम नोंदवणाऱ्या केंद्राला कळवता येतो. बहुतेकांना हे ठाऊक नाही, आणि ज्यांना ठाऊक आहे त्यांना परवडत नाही. मी कळवलं. त्या केंद्राकडून उत्तर आलं, नोंद घेतली, आभार. गोळ्या लिहून देणाऱ्या डॉक्टरांनाही सांगायला गेले, तर ते म्हणाले, ‘मॅडम, तुम्ही गोळ्या विका, डॉक्टरकी मी करतो.’ त्यानंतर त्यांचे पेशंट पलीकडच्या दुकानात जाऊ लागले. मावशींना मात्र त्यांनी समजावलं, अंगात उष्णता होती, ताक प्या. म्हणजे माझ्या बोलण्यावर त्यांनी रीतसर पाणी फिरवलं.

पुढे मावशी लेकीकडे अकोल्याला गेल्या. तिथे पुन्हा जळजळ सुरू झाली. तिथल्या डॉक्टरने पुन्हा सल्फाच दिली. कंपनी दुसरी, गोळीचं नाव दुसरं, पाकिटाचा रंगही दुसरा. अंगाची सालं निघाली. जीव वाचला, डोळे गेले.

त्या परत आल्या तेव्हा मी भेटायला गेले. सून हार ओवत होती आणि मावशी काळा चष्मा लावून नुसत्या शेजारी बसल्या होत्या. मला दोन्ही डॉक्टरांचा राग आला होता, आभार मानणाऱ्या त्या केंद्राचा आला होता, आणि खरं सांगायचं तर मावशींचाही आला होता. मी चिडूनच म्हटलं, ‘मावशी, येवढं बजावलं होतं तुमाले. डॉक्टरले सांगतलं काहून नाही?’

‘सांगतलं नं वं बाई,’ माझ्या आवाजाच्या दिशेने तोंड वळवून त्या म्हणाल्या. ‘बसल्याबरोबर सांगतलं, मले गरम गोळी चालत नाही. तो म्हणे, काळजी करू नोका आजी. अन् तिच्यासंगं पोट थंड ठेवाची एक गोळी लिहून देल्ली.’