एका दिवसाचं पाळणाघर

घाणीचं मला कौतुक सांगू नका. मी झाई गावची, कोळ्याघरची. सुकटीच्या वासात वाढले, मासळीची आतडी उपसताना मी कधी नाक मुरडलं नाही. त्यामुळे शिसारी हा शब्द मी उगाच वापरत नाही. तो मी एका चकचकीत ऑफिससाठी राखून ठेवला आहे, जिथे बूट काढून आत जावं लागतं.

तलासरीच्या पुढे हायवेला लागून प्लॅस्टिकच्या डब्यांचा एक कारखाना आहे. डबे पुसायचे, झाकणं बसवायची, खोक्यात भरायचे, हे काम बायकांचं. आम्ही सगळ्या ठेकेदाराच्या, म्हणजे कंपनीच्या कोणीच नाही. बाळंतपणाची भरपगारी रजा कायद्यात आहे म्हणतात. असेल बापडी. आमच्याकडे पोट दिसायला लागलं की काम सुटायचं, आणि परत यायचं ते ठेकेदाराच्या हातापाया पडून.

मुलगी मान धरायला लागली तशी मी परत गेले. नवरा दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी, पावसाळ्यात बोट किनाऱ्याला लागली की त्याची कमाईही बंद. सासू बाजारात सुके बोंबील विकायची. तिने माझ्यासाठी टोपली माळ्यावर टाकली आणि नात मांडीवर घेतली. पण वरचं दूध मुलीला पचेना. पाजलं की ओकायची, नाहीतर जुलाब. तिला माझंच दूध हवं होतं आणि मी सकाळी टमटममध्ये बसले की संध्याकाळीच उतरत होते.

दुपार झाली की छाती दगडासारखी व्हायची. आमच्याकडे अंगावरचं दूध पायदळी पडू देत नाहीत. काढून टाकायचंच झालं तर झाडाच्या बुडाशी, नाहीतर वाहत्या पाण्यात. शेडच्या मागे एक पपई होती, तिथे आम्ही ओल्या बाळंतिणी आडोशाला जायचो. मग तिथे कॅमेरा लागला. मॅनेजर म्हणाला, "मागे जायचं नाही. संडास आहेत ना?"

संडास होते. त्यांना कड्या नव्हत्या, आणि पाणी सकाळीच संपायचं. तिथे एका हाताने दार धरून, नाकाला पदर लावून, मी माझ्या लेकीचं दूध पिळून टाकलं. रोज. घरी गेल्यावर तिला जवळ घ्यायच्या आधी मी गळ्यापासून अंगाला साबण लावायची, तरी मला माझाच वास यायचा.

हळूहळू दूध आटायला लागलं. मुलगी ओढायची, काही येईना की मान फिरवून रडायची. सासू मेथी-खसखस करून पुढ्यात ठेवायची. मी मनाशी धरलं होतं, दूध पुरतं बंद झालं तर ही पोर हाताला लागायची नाही.

अशात एका संध्याकाळी मॅनेजर स्वतः लाइनवर आला. साखर पेरल्यासारखा बोलला, "ज्यांची लहान मुलं आहेत त्यांनी उद्या घेऊन यायची. कंपनी पाळणाघर सुरू करते आहे."

आम्ही खुळ्या. आमच्यात नवी होडी पाण्यात घालतानासुद्धा नारळ फोडल्याशिवाय हात लावत नाहीत, मग मुलांच्या खोलीत तसंच कसं जायचं? दुसऱ्या दिवशी आम्हीच घरून नारळ नेला, उंबऱ्याला हळदकुंकू लावलं. आत भिंतीवर ससे-हत्ती रंगवलेले, पाळणे, पांढरी चादर, पंखा. एक सांभाळणारी बाईपण होती, इस्त्रीच्या साडीत. तपासणीचे साहेब आले, फोटो काढले, आमच्या नारळाचंही कौतुक केलं. त्या दिवशी मी दोनदा जाऊन पाजलं. दुसऱ्या खेपेला मुलगी पिऊन माझ्या हातावरच झोपली. तिची मूठ सुटलेली बघून मला रडू आलं.

घरी येऊन सासूला सांगितलं. तिने माळ्यावरची टोपली काढून झटकली. "जातंय बाय मी बाजारात. लय दिस झालं बसून."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पोरं कडेवर घेऊन गेलो तर खोलीला कुलूप. खिडकीतून पाहिलं. पाळणे उलटे करून एकावर एक रचलेले, खेळणी परत पिशवीत बांधलेली. उंबऱ्यावर आमचं कुंकू तेवढं होतं.

मॅनेजर ऑफिसच्या दारात आला. "ते कालच्यापुरतं होतं. एवढं कळत नाही का तुम्हाला? मशीन आहेत आत. मुलं घरी ठेवून या, नाहीतर तुम्हीही घरी बसा."

बाकीच्या एकमेकींकडे बघायला लागल्या. मी तिथेच ऑफिसच्या पायरीवर बसले आणि मुलीला पदराखाली घेतलं. भूक लागली होती तिला. मॅनेजरने तोंड फिरवलं. किळस आल्यासारखं. "शी! इथे काय हे? क्लायंट येतात!"

त्याला किळस आली! ज्याने माझं दूध संडासात ओतायला लावलं, त्याला. मी म्हटलं, "साहेब, पोट भरलं तिचं की उठते," आणि तिला दुसऱ्या बाजूला घेतलं. मग उठले ती पुन्हा त्या गेटात गेले नाही. घरी बसल्यावर दूध परत आलं. मुलगी वाचली. घराची ओढाताण झाली ती झालीच.

माझ्या जागी माझी शेजारीण लागली. आता बाईला घेताना पहिला प्रश्न असतो, लहान मूल आहे का? तिने नाही म्हणून सांगितलं. तिचा मुलगा माझ्या मुलीहून थोडा लहान. दिवसभर तो माझ्याकडे असतो, रडला की मीच त्याला पाजते. कारखान्याच्या लेखी तो जन्मलेलाच नाही.

मागच्या आठवड्यात तलासरीच्या बाजारात आम्ही दोघी भाजी घेत होतो. सुट्टी होती म्हणून तिने त्याला हौसेने कडेवर घेतलं होतं. समोरून ठेकेदार आला. मी पाहायच्या आत तिने पोर माझ्या हातात कोंबलं.

"कोणाचं गं?" त्याने तिला विचारलं.

"वहिनींचं हाय," ती म्हणाली.

त्याने माझ्याकडे पाहिलं. तोंडात थुंकी जमली होती, ती गिळून मी म्हटलं, "हो, माझंच." त्याने पोराचा गाल ओढला, गोड आहे म्हणाला आणि बाजूच्या दुकानात मिरच्या निवडायला लागला. पोर दोन्ही हात तिच्याकडे करून रडायला लागलं. ती मान खाली घालून वांग्याचा भाव विचारत राहिली.