तळघराच्या दारावरची थाप

मला अणुयुद्धावरच्या जुन्या, स्वस्तातल्या सिनेमांचा नाद आहे. परदेशी, काळे-पांढरे, साठेक वर्षांपूर्वीचे. काढणाऱ्यांकडे पैसे नसायचे, त्यामुळे बॉम्ब कधी दिसतच नाही. खिडकीच्या पडद्यावर पांढरा उजेड पडतो, फळीवरच्या कपबशा थरथरतात आणि जग संपतं. मग उरलेला तासभर चार-पाच माणसं एका तळघरात डब्यातलं अन्न खात एकमेकांकडे संशयानं बघत बसतात. मी नांदेडला ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. अणूचे तुकडे होतात तो धडा मी वर्षानुवर्षं फळ्यावर बाण काढून शिकवला. त्या बाणांच्या पलीकडे माणसांचं काय होतं, ते मला या सिनेमांत दिसायचं. बायको वैतागायची. "सुट्टीच्या दिवशी काय हे सुतक लावून बसता!"

सासरे गेल्यावर सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या. त्यांचं गाव लातूर जिल्ह्यात, औशाच्या पुढे. भूकंपात जुनं गाव सगळं पडलं, आणि नंतर दुसऱ्या जागेवर बांधून मिळालेल्या घरात त्यांनी पुढचं आयुष्य काढलं. भूकंपाबद्दल त्या बोलत नसत, आणि मीही कधी विचारलं नाही. बायको तेव्हा सहा वर्षांची होती. तिला आठवायचा तो फक्त पत्र्याच्या शेडमधला उकाडा.

मे महिन्यातल्या एका दुपारी मी कूलरसमोर असाच एक सिनेमा लावून बसलो होतो. सासूबाई शेंगा फोडायला तिथंच येऊन टेकल्या.

"काय हाय हे, जावईबापू?"

"युद्ध झालंय. बाहेर सगळं गेलं. एवढेच वाचलेत."

त्यांनी थोडा वेळ बघितलं. "मग ह्यांच्या अंगावर धूळ कशी न्हाई?"

मला हसू आलं. पण त्या दिवसापासून त्या रोज येऊन बसायला लागल्या. इंग्रजीतलं अक्षर कळत नव्हतं, तरी चुका बरोबर काढायच्या. कपबशा हलल्या की म्हणायच्या, "भांडी आधी हालत न्हाईत. आधी आवाज येतो, जमिनीखालून ट्रक चालल्यावानी." पडद्यावरची बाई रडायला लागली की म्हणायच्या, "इतक्या लवकर रडू येत न्हाई. लई दिवसांनी येतं, तेबी भलत्याच गोष्टीनं. मला मीठ सांडल्यावर आलं होतं."

खरं सांगतो, मला याची गोडी लागली. त्या काहीतरी बोलतील म्हणून मी सिनेमे निवडून लावायला लागलो. आज त्याची लाज वाटते.

असाच निवडलेला एक सिनेमा. त्यात बाहेरून कुणीतरी तळघराच्या लोखंडी दारावर थापा मारतं. आतल्यांचा वाद चालू असतो, दार उघडलं तर विषारी हवा आत येईल. थापा थांबत नाहीत. शेंगा फोडणारे सासूबाईंचे हात थांबले.

"उघडा की!" त्या टीव्हीकडे बघत ओरडल्या. "उघडा ना, मायबापहो!"

थापा विरळ होत गेल्या आणि बंद पडल्या. मी टीव्ही बंद केला. त्या सिनेमाचा पुढचा भाग मी आजवर पाहिलेला नाही.

"माझी जाऊ अशीच वाजवत होती," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं. त्या आणि माझी बायको अंगणात निजल्या होत्या म्हणून वाचल्या. सासरे कामाला परगावी होते. जाऊ आत होती आणि तिच्यावर माळवद आलं, मातीचं ते जाड छत, भिंतीच्या दगडांसकट.

"तिच्या हाताला तांब्या लागला असंल. दगडावर वाजवायची. मी वरून म्हणायची, आले बाई, आले. कुठून जाणार? गडीमाणसं आपापल्या घरातली माणसं काढायली होती. मी हातानंच उकरलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वाजवत होती ती."

"तुम्ही तरी काय करणार होता, आई?"

"तसं न्हाई." त्यांनी मान हलवली. "शेवटी शेवटी मी आवाज द्यायचाच बंद केला. मी बोलले की ती आणखी जोरात वाजवायची. मला भ्या वाटायलं. लांब जाऊन लिंबाखाली बसले. मनात आलं, थांबली तर बरं."

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

आठ दिवसांनी सासूबाई म्हणाल्या, "मला जुन्या गावाला न्या." आम्ही तिघं सकाळच्या बसनं लातूरला गेलो, तिथून पुढे रिक्षा केली. जुन्या गावात बाभळी माजल्या होत्या आणि त्यांच्यामधून दगडांचे ढीग. मला पहिल्यांदा काय सुचलं असेल, तर हे सगळं त्या सिनेमांतल्यासारखं दिसतंय. कुणी खर्च न करता उभा केलेला देखावा. मी खाली बघून चालत राहिलो.

सासूबाई मात्र गल्लीतून चालावं तशा चालत होत्या. सरळ वाट मोकळी असताना वळायच्या, कारण तिथं कधीकाळी कुणाची तरी भिंत होती. एका ढिगापाशी थांबल्या, खाली बसल्या आणि दगडावर हात ठेवला.

"हाव, हाय मी हितं," त्या म्हणाल्या. पुढे बराच वेळ त्या हळू आवाजात बोलत राहिल्या. आम्ही दूर उभे होतो, शब्द कळले नाहीत. ऊन रखरखीत होतं, वारा मुळीच नव्हता. ढिगाच्या आत कुठंतरी टक् टक् असं दोनदा वाजलं. एखादा गंजका पत्रा उन्हानं तडकला असावा. बायकोनं माझं मनगट घट्ट धरलं, म्हणजे तिलाही ऐकू आलं होतं. सासूबाईंनी वळून पाहिलं नाही. आम्ही त्याबद्दल एकमेकांशी आजही बोलत नाही.

परत आल्यावर त्या दोन दिवस झोपून होत्या. अजूनही भर दुपारी, सगळी दुकानं बंद असताना, एखादं शटर कुठं वाजलं की मी रस्त्यात थबकतो. पण घरात एक बदल झाला. त्या जावेचा विषय माझ्या लग्नानंतर कधीच निघाला नव्हता, तो आता निघतो. परवा भाकरी थापताना बायकोनं विचारलं, "काकू दिसायला कशी होती गं?"

सासूबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली.

"उंच होती," त्या म्हणाल्या. "दारातून येता-जाता वाकायची. तरी कपाळ लागायचं, आन् मग स्वतःच हसत सुटायची."