शिवणीच्या ओंडक्यातलं दार

जामसरच्या लाडक्यानं आयुष्यात एकच गोष्ट मनापासून केली होती, ती म्हणजे 'उद्या करतो' म्हणणं. घराला तीन वर्षं दार नव्हतं. कुत्री खुशाल आत शिरून नागलीच्या भाकऱ्या पळवत, आणि हा म्हणे, "उद्या लावतो." शेवटी त्याची बायको रामी भडकली. "अखातीच्या सणापर्यंत दार झालं तर न्यायला ये, नाहीतर तोंड दाखवू नको," असं बजावून ती पोशेऱ्याला माहेरी निघून गेली. गाव हसलं. लाडक्या मात्र हादरला. ही खरंच परत आली नाही तर?

दाराला फळ्या हव्यात, फळ्यांना करवत. जव्हार दरबारच्या जंगलात लाकूड चिरणारे करवत उसनी देतात होय! त्यांनी हाकलूनच लावलं. मग मात्र गडी पेटला. बाजारातून कापडाच्या गासडीला आवळतात ती पोलादी पट्टी मागून आणली, एक झिजलेली तिधारी कानस मिळवली आणि ओट्यावर बसून कराकरा दात पाडू लागला. नमुना म्हणून समोर भातकापणीचा दातेरी विळा. चार दिवसांत बोटं सोलून निघाली. बांबू वाकवून त्यात पट्टी ताणली. काय देखणी करवत! सगळे दात एका सरळ ओळीत.

इथंच बेट्यानं माती खाल्ली. विळ्याचं ठीक आहे, पण करवतीचा एक दात डावीकडे, एक उजवीकडे वाकवावा लागतो, तरच तिला लाकडात फिरायला जागा होते. हे त्याला कोण सांगणार? रानातून आणलेल्या शिवणीच्या ओंडक्यात करवत चार बोटं गेली आणि रुतून बसली. ओढली, लाथ घातली, शिव्या दिल्या, देवाला नारळ बोलला. ढिम्म! आणि तेवढ्यात उजाडली अखाती.

करवत मोडायला जीव होईना. शेवटी करवतीसकट ओंडका खांद्यावर मारून त्यानं उन्हातान्हात पोशेऱ्याची वाट धरली.

सासरा देवराम अंगणातच होता. "दार झालं का, जावई?"

लाडक्यानं ओंडका धाडकन खाली टाकला. "झालंय म्हणजे... यातच आहे. अजून बाहेर निघालं नाही."

हसून हसून अंगणातल्यांची मुरकुंडी वळली. रामी तेवढी हसली नाही. पोरवयात ती लाकूड चिरणाऱ्यांना पाणी न्यायची. तिनं दातांवरून बोट फिरवलं. "दात कुणी वाकवायचे रे, तुझ्या बानं?" असं म्हणत तिनं चिरेत पाचर ठोकली, करवत सोडवली आणि खिळा घेऊन एकेक दात वाकवायला बसली.

लाडक्या मान खाली घालून उठला. "जातो मी. दार काही झालं नाही."

"बस खाली!" रामी खेकसली. "तीन वर्षांत आज पहिल्यांदा काहीतरी अर्धं करून आलायस. धर ते टोक. फळ्या पाडू आणि घरी जाऊ."

लाडक्यानं टोक धरलं. रामीनं ओढलं, मग त्यानं ओढलं, आणि करवत सरसर चालू लागली.