छतावरची मडकी

आमच्या गल्लीत घरावर पहिला स्लॅब टाकला तो मी. सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी सरकारी ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर होतो, म्हणजे दुसऱ्यांनी काढलेले नकाशे पातळ कागदावर गिरवायचो. पण उत्तर नागपुरातल्या आमच्या गल्लीत सगळे मला इंजिनिअरसाहेब म्हणत आणि मी कोणाला दुरुस्त करत नसे. माझे बाबा कवेलू, म्हणजे छपरावरची कौलं, फेरायचे. पावसाळा तोंडावर आला की लोकांच्या छपरांवर चढून फुटलेले कवेलू काढायचे, सरकलेले नीट बसवायचे, हा त्यांचा धंदा. अर्ध्या शहराची घरं त्यांनी कोरडी आणि थंड ठेवली असतील. त्यांच्याच घरावरचे कवेलू मी उतरवले.

कारण होतं, आणि ते मला तेव्हा फार मोठं वाटायचं. आमच्या घरानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा मी शाळेत होतो. आता मान वर करून जगायचं, हे बाबांनीच मला शिकवलं. मान वर केल्यावर डोक्यावर स्लॅब दिसला पाहिजे, एवढी भर माझी. मातीच्या भिंती आणि कवेलू म्हणजे मागचे दिवस, सिमेंट म्हणजे पुढचे. बाबांनी एकदाच विचारलं, उन्हाळ्यात कसं करशील? मी म्हणालो, टेबलफॅन आणू.

स्लॅब टाकला त्याच हिवाळ्यात मायला लकवा झाला. उजवं अंग गेलं. तिची खाट समोरच्या खोलीत टाकली आणि तिथंच तिचं जग झालं. मग एप्रिल आला. नागपूरचा उन्हाळा मी कोणाला समजावून सांगणार नाही. दुपारी दोननंतर त्या खोलीत बसणं म्हणजे तापल्या तव्याखाली अंग धरणं होतं. फॅन गरम हवा इकडची तिकडे करायचा. संध्याकाळी आम्ही तिची खाट अंगणात काढायचो, पण दिवसभर तिला त्या स्लॅबखालीच राहावं लागे. अंगणात आडोशाला झाड नव्हतं. होतं ते बांधकामात मीच तोडलं होतं.

तो उन्हाळा मायनं कसाबसा काढला. पावसाळा लागल्यावर बाबा मडकी गोळा करू लागले. आमच्याकडे घरोघरी दर उन्हाळ्यात नवं मडकं येतं आणि जुन्यात पाणी गार होईनासं झालं की ते कोपऱ्यात पडतं. बाबा टोपली घेऊन दारोदार फिरले. लोक हसत, पण देत. दिवाळीनंतर त्यांनी ती सगळी मडकी स्लॅबवर पालथी घातली, अंगाला अंग लावून, मधल्या फटी माती आणि कुटारानं, म्हणजे भुशानं, भरल्या, वरून चुन्याचा हात दिला. शिडीवरून उतरून त्यांनी मायला समजावलं, कवेलूच्या खाली हवा खेळायची म्हणून आपलं घर थंड असायचं. आता ती हवा मडक्याच्या पोटात राहील. ती हसली. अर्धंच हसू यायचं तिला.

माझ्या अंगाची मात्र लाहीलाही झाली. रस्त्यावरून त्या मडक्यांच्या पांढऱ्या पाठी दिसायच्या. एकेकाळी आपल्या माणसांच्या गळ्यात मडकं बांधलं होतं, थुंकीनं रस्ता बाटू नये म्हणून. हे मला सभांमधून ऐकून पाठ होतं आणि मी ते बाबांना ऐकवलं, आवाज चढवून. ज्याची लाज वाटावी ते तुम्ही घराच्या डोक्यावर मिरवता, असं म्हणालो. बाबा हात धूत होते.

"मडक्याचा काय गुन्हा गा? बांधणाऱ्याचा गुन्हा होता. लाज त्याले वाटाले पायजे, मले काहून?"

मी आणखीच रागावलो. पण उन्हाळा आला आणि खोली खरंच निवली. थंडगार नाही, पण माणसानं राहावं इतपत. माय दुपारी झोपू लागली. गल्लीतली दोन घरं येऊन बघून गेली आणि त्यांनीही मडकी जमवायला घेतली. तेव्हाही मी तोंड फिरवून बसलो. असे दोन उन्हाळे गेले.

तिसऱ्या वर्षी मे महिन्यात बहिणीला पाहायला कन्हानहून पाहुणे यायचं ठरलं. मुलगा खाणीच्या ऑफिसात कारकून, शिकलेलं घर. निरोप यायच्या आधीच बाबा भिवापूरकडे कामाला गेले होते, पावसाआधी कवेलू फेरायचे म्हणून. चार दिवसांनी यायचे होते. मला वाटलं, हीच वेळ आहे. पाहुण्यांनी स्लॅबचं घर बघावं, मडक्यांचं नाही. बहीण म्हणाली, दादा, मायचं काय होईल? मी म्हणालो, पाहुणे गेले की बघू, आठ-दहा दिवसांत काय होतं?

मडकी सुटी निघेनात, चुना पक्का बसला होता. मी पहार घेतली. ऑफिसात पेन धरणारा माणूस मी, पण त्या दिवशी सकाळी हात थकले नाहीत. खालून मायचा आवाज आला, जिभेवर जड पडलेला.

"काय फुटून राहिलं गा वर?"

"जुनं सामान आहे, माय. काढून टाकून राहिलो."

तिच्या छातीच्या वर पाच हातांवर ती मडकी फुटत होती आणि काय फुटतंय हे तिला कळत नव्हतं, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगितलं.

पाहुणे आले, चहा-चिवडा झाला, मुलगी पसंत पडली. घराकडे कोणी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. मुलाच्या वडिलांनी मायजवळ बसून तिच्या तब्येतीची चौकशी केली आणि रुमालानं तिचं कपाळ पुसलं. ते तिला घाम आला म्हणून पुसत होते. मी तिथं उभा राहून त्यांना स्लॅबमध्ये किती लोखंड घातलं ते सांगत होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा आले. अंगणात खापरांचा ढीग होता. ते त्याच्याजवळ थांबले, मग आत जाऊन बराच वेळ मायजवळ बसले. मला वाटलं, आता बाहेर येऊन मला झोडपतील. ते बाहेर आले आणि टोपल्यांत खापरं भरून वर नेऊ लागले. स्लॅबवर खापरं पसरली, त्यावर ओली पोती टाकली. नळाला पाणी सकाळी तासभरच यायचं, म्हणून दुपारी दूरच्या विहिरीवरून पाणी आणून ते पोत्यांवर ओतायचे. मीही रजा टाकून बादल्या वाहिल्या. शेजारच्या कवेलूच्या घरात न्यायचं म्हटलं, तर माय आपली खाट सोडायला तयार नव्हती. पडल्याबरोबर पाण्याची वाफ व्हायची. नवतपा, उन्हाळ्यातले सगळ्यात तापते नऊ दिवस, सुरू झाला होता. पुरेशी जुनी मडकी त्या दिवसांत कोणाकडे नव्हती, आणि गल्लीतल्या लोकांनी आपली प्यायच्या पाण्याची नवी मडकी काढून दिली, तरी ती छताचा एक कोपरासुद्धा झाकेनात.

सहाव्या दिवशी मायचं अंग तापलं आणि घाम बंद झाला. डॉक्टर येईपर्यंत ती गेली होती. ते म्हणाले, ऊन लागलं. तीन वर्षांत जी बाई स्वतःच्या पायांनी उंबऱ्याबाहेर गेली नव्हती, तिला ऊन लागलं.

बहिणीचं लग्न कन्हानच्याच मुलाशी झालं. बाबा पुढं दहा वर्षं जगले. माझ्याशी नीट बोलायचे, जेवायला थांबायचे, माझ्या मुलांना खांद्यावर घ्यायचे. त्या मडक्यांबद्दल एक अक्षर नाही. मी कितीदा विषय काढायला गेलो. ते उठून जायचे. माझा जीव नुसता जळायचा. शेवटच्या आजारात, दवाखान्यात, मी त्यांचे पाय धरले आणि म्हणालो, बाबा, एकदा तरी मला शिव्या द्या.

बाबांनी पाय काढून घेतले नाहीत.

"तुह्या मायनं त्याच दिवशी मले सांगतलं, पोराले काही बोलू नोका. त्याले घर चांगलं दिसाले पायजे होतं म्हणे. मी तिले हो म्हटलं."

म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं. डोक्यावर एकेक मडकं फुटताना ती मोजत पडली असेल, आणि माझ्यासाठी तिनं बाबांकडून शब्द मागून घेतला. बाबांनी तो शेवटपर्यंत पाळला, मी पाय धरले तरी मोडला नाही. आता मला बोलणारं कोणी उरलेलं नाही.