बदकवालीची शेवटची शिवी

झाब्रोव्हेक नावाच्या पोलिश गावात ज्यू होते तीन हजार. महायुद्धात ते संपले. त्यानंतर चाळीस वर्षांनी तेल अवीवमध्ये त्या गावाचा स्मरणग्रंथ काढायचं ठरलं, तेव्हा त्यात साडेतीन हजार तर नुसते विद्वानच निघाले. उरलेले दानशूर. दारुडा एकही नव्हता, नवऱ्याशी भांडणारी बायको नव्हती, आणि वजनात मारणारा दुकानदार तर औषधालाही सापडत नव्हता.

"मग आपल्या गावातला लोहार कुलपं कुणासाठी करायचा?" ब्राइना विचारायची.

मेल्या म्हशीला मणभर दूध असतंच. इथे तर अख्खा गोठाच गेलेला, तेव्हा दुधाला काय तोटा!

ब्राइना कॉर्सेट शिवायची, बायकांची पोटं आवळून धरणारी. तेल अवीवच्या बाजारामागच्या गल्लीत तिचं अरुंद दुकान होतं. आताच्या पोरी तयार माल घेत, पण गावाकडच्या म्हाताऱ्या अजून तिच्याकडेच येत, आणि त्यांची खरी मापं जगात एकट्या ब्राइनाला ठाऊक होती. त्यामुळे फुगवलेली गोष्ट तिला लांबूनच कळे.

"माझ्या सासूबद्दल मास्तरांनी ग्रंथात किती सुंदर लिहिलंय," फ्रादल म्हणाली. ती आरशासमोर हात वर करून उभी होती. "गरिबांच्या दारात गुपचूप सुपाचं भांडं ठेवून यायची म्हणे."

"तुझी सासू? ती सुपातले गाजराचे तुकडे मोजून वाढायची."

"आता गेली बिचारी."

"गेली म्हणून गाजरं वाढली होय? आणि श्वास सोड. पोट आत ओढून माप देतेस, नंतर शिवण उसवली की शिव्या मला."

"शिव्यांचं तू बोलू नकोस बाई," फ्रादल हसत म्हणाली. "गित्ला बदकवालीची लेक तू."

ब्राइनाने फीत गळ्यात टाकली आणि मान ताठ केली. हा तिला मिळालेला एकमेव किताब होता.

ग्रंथात प्रत्येक कुटुंबाला एक पान होतं. लोक फोटो देत, लग्नपत्रिका देत, कुणी आजोबांच्या चष्म्याची काडीसुद्धा आणून दिली. ब्राइनाकडे आईचा फोटो नव्हता. कबर नव्हती. मरणाची तारीखही अंदाजाची. आईची म्हणून तिच्यापाशी एकच वस्तू उरली होती, ती म्हणजे एक शिवी. ती तिने एका कागदावर, सगळ्या हकिगतीसह लिहून समितीच्या अध्यक्षांकडे पाठवली होती. ती छापून यावी, एवढंच तिला हवं होतं. ती शिवी गेली की गित्ला खरोखरच गेली.

अध्यक्ष म्हणजे लेझर क्रोखमाल. निवृत्त मास्तर, सत्तरीचे. ते पस्तीस सालीच गाव सोडून इकडे आले होते. पुढचं त्यांनी काही पाहिलं नव्हतं. म्हणूनच की काय, पुढचं सगळं तेच लिहीत होते.

त्यांनी बोलावलं तशी एका दुपारी ब्राइना तीन जिने चढून गेली. मास्तरांनी काचेच्या पेल्यात चहा दिला, लिंबाची चकती टाकली, आणि छापखान्यातून आलेलं पान तिच्यापुढे ठेवलं.

तिने वाचलं. 'गित्ला ही विनम्र व मितभाषी माता होती. अखेरच्या क्षणी तिने लेकीला हृदयाशी कवटाळले व प्रार्थना पुटपुटली.'

"ही कोण?" ब्राइनाने विचारलं.

"तुझी आई."

"मितभाषी? मास्तर, बाजारात ती बोलायला लागली की बदकं गप्प बसायची!"

"ब्राइना, हे नातवंडं वाचणार. त्यांना काय सांगायचं? आपल्या आया शिव्या घालत गेल्या?"

"सगळ्यांच्या आयांचं मला माहीत नाही. माझी घालत गेली. म्हणून तर मी आज इथे बसून तुमचा हा पाणचट चहा पितेय."

मास्तरांनी चष्मा पुसायला घेतला. हकिगत त्यांना ठाऊक होती. बेचाळीसच्या ऑगस्टमध्ये जर्मनांनी सगळ्या ज्यूंना मरणछावणीत न्यायला गावच्या बाजारात रांगेत उभं केलं होतं. ब्राइना पंधरा वर्षांची, पिंगट केसांची, नकटी. रांगेच्या कडेला पोलिश शिपाई होता आणि त्याच्या पलीकडे बघे. गित्लाने लेकीचा दंड धरला तो ज्यू असल्याची खूण म्हणून बाहीवर बांधलेल्या पट्टीसकट. पट्टी उपटली आणि एक सणसणीत थोबाडीत दिली. मग पोलिश भाषेत, अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल अशी ती ओरडली, "चोरटे! इथेसुद्धा माझ्या बोचक्यात हात घालतेस? तुला लवकर मरण यायचं नाही! दात पडतील, केस पिकतील, तरी मरण यायचं नाही तुला!"

शिपाई खदखदून हसला. ज्यूंना लुटायला आलेली गावातलीच कुणी पोरगी, असं समजून त्याने ब्राइनाच्या ढुंगणावर लाथ घातली आणि तिला रांगेबाहेर हाकललं. ती पळाली. मागे वळून न पाहता तीन वर्षं पळतच राहिली.

"शिवी नसेल तर पान नको," ब्राइना म्हणाली. "माझा कागद परत द्या."

मास्तरांनी खण उघडला, जरा थांबले, आणि मग कागद दिला.

कागदावर लाल पेन्सिल फिरली होती. शिवीखाली मास्तरी सवयीची एक नागमोडी रेघ होती, बस्स. पण शिवीच्या वरचं एक वाक्य इतक्या जोरात खोडलं होतं, की कागद फाटला होता. ते वाक्य काय होतं हे ब्राइनाला वाचावं लागलं नाही. तिनेच ते लिहिलं होतं. 'आमच्या शेजारी मीर्लमावशी उभी होती, पेसाचा हात घट्ट धरून.'

मीर्ल म्हणजे मास्तरांची आई. पेसा त्यांची धाकटी बहीण, ब्राइनाच्याच वयाची, तशीच पिंगट.

दरवर्षी गावकऱ्यांच्या स्मरणसभेत मास्तर तिला गाठून विचारत, "बाजारात आमची माणसं दिसली होती का गं?" आणि दरवर्षी ती सांगे, "गर्दी होती, मास्तर. नाही दिसली." मग या वेळी कसं लिहून बसली? कागदाकडे बघताना तिला कळलं. वाक्य खरं होतं, पण आईचं माप मोठं दिसावं म्हणून तिने शेजारी दुसऱ्याची आई उभी केली होती, लेकीचा हात न सोडणारी. सगळ्या गावाला फुगवाफुगवीवरून टोमणे मारणाऱ्या बाईने स्वतःच्या कापडात तेवढा कापूस भरला होता.

मास्तर खिडकीबाहेर बघत होते. खाली कुणीतरी गालिचा धोपटत होतं.

"हात धरला होता?" त्यांनी विचारलं. आवाज मास्तराचा नव्हता.

"हो."

"घट्ट?"

"घट्ट."

"सोडायला हवा होता ना?"

ब्राइनाच्या जिभेवर उत्तर होतं. गित्लाच्या लेकीच्या जिभेवर ते नेहमीच असे. तिने ते गिळलं.

"तेव्हा कुणाला काय कळत होतं, मास्तर? माझ्या आईला तरी कुठे कळलं? तिला शिव्यांखेरीज दुसरं काही येतच नव्हतं."

"पेसा रडत होती?"

पेसा रडत होती. अजूनही कधीकधी ब्राइनाला ती ऐकू येई.

"नाही," ती म्हणाली. "आईजवळ होती. कशाला रडेल?"

मास्तरांनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिले. ब्राइनाने त्यांच्या हाताजवळची लाल पेन्सिल उचलली आणि खोडलेलंच वाक्य स्वतःच्या हाताने पुन्हा एकदा खोडलं.

"हे गेलं. आता शिवी ठेवा."

मास्तरांनी चष्मा लावला. 'विनम्र' काट मारून काढलं. 'मितभाषी' काढलं. प्रार्थनेवर पेन्सिल अडली, पण तीही गेली. मग समासात लिहिताना त्यांनी वर पाहिलं. त्यांचे डोळे लाल होते, तरी हात मास्तराचाच होता.

"आधी दात, की आधी केस?"

"दात."

"केस आधी घेतले तर वाक्य चढत जातं."

"मास्तर, माझे दात आधी पडले. आईचा शब्द आहे तो, हात लावू नका."

वर्षभराने ग्रंथ आला. जाडजूड, काळ्या बांधणीचा. मीर्लमावशीला त्यात चार पानं मिळाली होती, आणि चारही पानांत ती इतकी साध्वी होती की ओळखू येत नव्हती. त्यावर ब्राइना कधी कुणापाशी एक अक्षर बोलली नाही. पान दोनशे अकरावर गित्ला होती. दुकानाचं दार लोटून, कवळी काढून पेल्यात ठेवून, ब्राइनाने ते पान मोठ्याने वाचलं.

तेवढ्यात फ्रादल आत आली, नव्या कॉर्सेटची तक्रार घेऊन. काखेत ग्रंथ होताच.

"काय गं हे ब्राइना! चारशे पानांच्या पुस्तकात एकच शिवी, आणि तीही तुझ्या आईची!"

ब्राइनाने कवळी बसवली आणि फीत हातात घेतली.

"मग? गावाची अब्रू कुणीतरी राखायला नको? चल, हात वर कर."